महाराष्ट्रातील उष्ण पाण्याचे झरे

महाराष्ट्रातील उष्ण पाण्याचे झरे हे जमिनीतील खोल भेगांमधून वर येणाऱ्या, परिसरातील विहिरींच्या पाण्यापेक्षा स्पष्टपणे अधिक तापमानाच्या पाण्याचे नैसर्गिक उगम आहेत. यांपैकी बहुसंख्य झरे कोकणात, सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्या दरम्यानच्या चिंचोळ्या पट्ट्यात आढळतात. पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंत सुमारे ३५० किलोमीटर लांबीच्या या पट्ट्यात जवळपास १८ ठिकाणी असे झरे आहेत. त्याखेरीज जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आणि मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात उनकेश्वर ही प्रसिद्ध ठिकाणे आहेत. पाण्याचे तापमान ठिकाणानुसार सुमारे ३५ अंश सेल्सियसपासून ७० अंश सेल्सियसपर्यंत असते.

जवळपास प्रत्येक झऱ्याभोवती दगडी कुंड, देवालय आणि एखादी आख्यायिका आढळते. हे झरे तीर्थक्षेत्रे, पर्यटनस्थळे आणि त्वचारोगावरील उपचाराची ठिकाणे म्हणून लोकांना परिचित आहेत. मात्र त्यांच्या उष्णतेचे कारण, पाण्याची औषधी उपयुक्तता आणि स्नानाची सुरक्षितता यांविषयी अनेक गैरसमज रूढ आहेत.

नावे आणि व्युत्पत्ती

मराठीतील ‘ऊन’ हा शब्द संस्कृत ‘उष्ण’ या शब्दापासून प्राकृत ‘उण्ह’ या रूपाद्वारे आला आहे. आज ‘ऊन’ म्हणजे सूर्यप्रकाश हा अर्थ प्रमुख असला, तरी ‘गरम’ हा मूळ अर्थही ‘ऊन पाणी’, ‘ऊन ऊन भात’ अशा प्रयोगांत टिकून आहे. ‘उन्हाळा’ हा शब्दही ‘उष्णकाल’ या शब्दाचेच मराठी रूप आहे.

झऱ्यांच्या गावांची नावे पाहिल्यास हा धागा लगेच लक्षात येतो. रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे आणि उन्हाळे, रायगड जिल्ह्यातील उन्हेरे, खानदेशातील उनपदेव (जुन्या लेखनात उनबदेव) आणि मराठवाड्यातील उनकेश्वर या सर्व नावांच्या आरंभी ‘ऊन’ आहे. महाराष्ट्राच्या सीमेलगत गुजरातमधील उनाई हे उष्ण झऱ्याचे ठिकाणही याच नाममालिकेत बसते. संस्कृतप्रचुर लेखनात अशा झऱ्यांना ‘उष्णोदकाचे झरे’ असे म्हणतात. कोकणात ‘गरम पाण्याची कुंडे’ हे नाव अधिक प्रचलित आहे.

उष्णतेचे कारण

महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. त्यामुळे येथील गरम पाणी एखाद्या निद्रिस्त ज्वालामुखीमुळे तापते, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. दख्खनच्या पठाराचे बेसाल्ट खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तयार झाले. लाव्हारसाचे ते थर इतक्या दीर्घ काळात पूर्णपणे थंड झाले आहेत. महाराष्ट्रात आज एकही जागृत ज्वालामुखी नाही.

झऱ्यांचे पाणी हे मूलतः पावसाचेच पाणी असते. ते डोंगराळ भागात जमिनीत मुरते आणि खडकांमधील भेगांतून हळूहळू खोल उतरते. पृथ्वीच्या पृष्ठभागाखाली जसजसे खोल जावे तसतसे तापमान वाढते. सर्वसाधारण प्रदेशात ही वाढ दर किलोमीटरला सुमारे २५ ते ३० अंश सेल्सियस असते. कोकणात पृष्ठभागाजवळचे सरासरी तापमान सुमारे २७ अंश धरले, तर ७० अंशांपर्यंत तापण्यासाठी पाण्याला किमान दीड किलोमीटर खोल जावे लागेल. वर येताना पाणी काही प्रमाणात थंड होते आणि उथळ भूजलातही मिसळते. त्यामुळे प्रत्यक्ष खोली याहून अधिक असली पाहिजे. पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणावरून खोलवरच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. या पद्धतीनुसार कोकणातील झऱ्यांचे पाणी भूगर्भात शंभर अंशांहून अधिक तापत असावे असे दिसते.

तापलेले पाणी हलके होते आणि पाठीमागून उतरणाऱ्या पाण्याच्या दाबाने वर ढकलले जाते. परंतु ते वर येण्यासाठी खोलवर पोहोचणारी मोकळी वाट आवश्यक असते. मोठ्या प्रस्तरभंगांमुळे आणि त्यांना छेदणाऱ्या भेगांमुळे अशी वाट तयार होते. वाट पुरेशी मोकळी असेल, तर पाणी थंड होण्यापूर्वीच पृष्ठभागावर पोहोचते. सर्वत्र खोल जमीन उष्ण असूनही सर्वत्र गरम झरे का नाहीत, याचे उत्तर यात आहे. जमिनीतील उष्णता सर्व ठिकाणी असते, पण ती वाहून आणणारी भेग मोजक्याच ठिकाणी असते.

कोकणातील झरे पश्चिम किनाऱ्याला साधारणपणे समांतर असलेल्या भंगरेषांच्या पट्ट्यात येतात. उनपदेव आणि अमरावती जिल्ह्यातील सालबर्डी ही ठिकाणे नर्मदा, तापी आणि शोण या नद्यांच्या खोऱ्यांतून जाणाऱ्या भंगपट्ट्याशी निगडित आहेत. उनकेश्वर हे ठिकाण दख्खनच्या बेसाल्ट थरांच्या पूर्वेकडील कडेजवळ आहे. तेथे बेसाल्टचे आवरण संपून त्याखालील अधिक प्राचीन खडक उघडे पडू लागतात.

पाण्याचे गुणधर्म

कोकणातील झऱ्यांच्या पाण्यात सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड यांचे प्रमाण सामान्य विहिरीच्या पाण्यापेक्षा बरेच अधिक असते. त्यामुळे अनेक ठिकाणी पाण्याला किंचित मचूळ चव येते. काही कुंडांजवळ गंधकाचा सौम्य वास जाणवतो. तथापि ‘पाण्यात गंधक असल्यामुळे ते गरम आहे’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण शास्त्रीय नाही. उष्णता खोलीमुळे मिळते. गंधकाची संयुगे खडकांतून पाण्यात उतरतात.

अनेक कुंडांच्या तळातून बुडबुडे सतत वर येताना दिसतात. ते पाहून पाणी उकळत असल्याचा भास होतो. वस्तुतः ते वायूचे बुडबुडे असतात आणि कोकणातील झऱ्यांत हा वायू प्रामुख्याने नायट्रोजन असतो. राज्यातील कोणत्याही झऱ्याचे पाणी उत्कलनबिंदूला पोहोचत नाही. हिमाचल प्रदेशातील मणिकरण येथे पाणी त्या बिंदूच्या जवळ जाते आणि तेथे भात, डाळ शिजवण्याची प्रथा आहे.

उष्ण पाण्यात तग धरून राहणारे सूक्ष्मजीव हा संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानातील उष्ण झऱ्यात सापडलेल्या ‘थर्मस ॲक्वाटिकस’ या जीवाणूपासून मिळालेले विकर आज जगभरच्या प्रयोगशाळांत जनुकीय चाचण्यांसाठी वापरले जाते. महाराष्ट्रातील झऱ्यांतूनही उष्णताप्रिय जीवाणू वेगळे करण्यात आले आहेत. उनकेश्वरच्या पाण्यातील सूक्ष्मजीवांचा जनुकीय पद्धतींनी अभ्यास झाला आहे.

प्रमुख ठिकाणे

पालघर आणि ठाणे जिल्हे : पालघर जिल्ह्यात कोकनेर, हालोली आणि सातिवली येथे झरे आहेत. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही परस्परांजवळील ठिकाणे मुंबईहून सहज पोहोचता येत असल्याने सर्वाधिक गजबजलेली असतात. अकलोलीची कुंडे तानसा नदीच्या काठावर आणि पात्रालगत आहेत. गणेशपुरी येथे भीमेश्वर महादेवाच्या मंदिराशेजारी कुंडे असून स्वामी नित्यानंद यांच्या वास्तव्यामुळे या गावाला विशेष प्रसिद्धी मिळाली. त्यांचे निधन १९६१ साली येथेच झाले.

रायगड जिल्हा : अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे स्थान असलेल्या पालीजवळ उन्हेरे येथे कुंडे आहेत. पालीला येणारे भाविक येथे स्नान करून दर्शनास जातात. महाडजवळ सावित्री नदीच्या काठी सव येथेही उष्ण झरा आहे.

रत्नागिरी जिल्हा : दापोली तालुक्यातील उन्हवरे येथील पाणी राज्यातील सर्वांत उष्ण झऱ्यांपैकी असून त्याचे तापमान सुमारे ७० अंश असते. पन्हाळेकाजी येथील लेणी या ठिकाणापासून जवळ आहेत. संगमेश्वर तालुक्यात मुंबई–गोवा महामार्गालगत आरवली आणि तुरळ, तसेच जवळच राजवाडी येथे झरे आहेत. तुरळचे पाणी सुमारे ६० अंशांचे, तर आरवलीचे त्या मानाने बरेच सौम्य आहे. राजापूरजवळ अर्जुना नदीच्या काठी उन्हाळे येथे सुमारे ४२ अंश तापमानाच्या पाण्याचे कुंड आहे.

राजापूरची गंगा : उन्हाळ्याच्या कुंडापासून काही अंतरावर टेकडीवर ‘राजापूरची गंगा’ आहे. हा उष्ण झरा नसून खंडित प्रवाहाचा झरा आहे. परंतु दोन्ही स्थळांची यात्रा एकत्र केली जात असल्याने त्यांची नेहमी गल्लत होते. येथे १४ कुंडे असून पाणी परंपरेने साधारण तीन वर्षांनी प्रकटते, काही आठवडे वाहते आणि नाहीसे होते. अलीकडे हे अंतर अनियमित झाले आहे. भूगर्भातील एखादी पोकळी ठरावीक पातळीपर्यंत भरल्यावर वक्रनलिकेच्या तत्त्वाने एकदम रिकामी होत असावी, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. उन्हाळे येथे स्नान, गंगेचे स्नान आणि धूतपापेश्वराचे दर्शन असा यात्रेचा क्रम रूढ आहे.

खानदेश आणि सातपुडा : जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव हे ठिकाण आहे. येथे गोमुखातून कुंडात पडणारे पाणी मुळाशी साठ अंशांच्या आसपास असते. सुनपदेव आणि नाझरदेव हे खानदेशातील आणखी दोन झरे असून तिन्ही नावे परंपरेने एकत्र घेतली जातात. अमरावती जिल्ह्यात मध्य प्रदेशच्या सीमेवर सालबर्डी येथेही उष्ण पाण्याचे कुंड आहे.

मराठवाडा आणि पैनगंगेचे खोरे : नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर हे पैनगंगेच्या खोऱ्यातील ठिकाण छत्रपती संभाजीनगर महसूल विभागात येते. शिवमंदिराच्या परिसरात उष्ण पाण्याची कुंडे बांधलेली असून पाण्याचे तापमान सुमारे ४२ अंश असते. याच नदीच्या खोऱ्यात यवतमाळ जिल्ह्यातील कापेश्वर येथेही असाच झरा आहे.

आख्यायिका

वनवासातील रामाने शरभंग ऋषींसाठी भूमीत बाण मारला आणि उष्ण पाणी वर आले, अशी कथा उनपदेव, उनकेश्वर आणि गुजरातमधील उनाई या परस्परांपासून दूर असलेल्या तिन्ही ठिकाणी सांगितली जाते. ऋषींना कुष्ठरोग झाला होता आणि या पाण्याने तो बरा झाला, असा तपशील कथेत येतो. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात शरभंग ऋषींचा प्रसंग आहे. तेथे ते रामाच्या दर्शनानंतर अग्निप्रवेश करतात आणि अग्नीतून तेजस्वी तरुण रूपाने बाहेर पडतात. उष्ण झऱ्याचा उल्लेख त्या प्रसंगात नाही. जीर्ण देह टाकून नवा देह मिळणे हा मूळ कथेचा आशय उष्ण पाण्याने रोगमुक्त होण्याच्या लोककथेशी जुळतो. त्यामुळेच ही कथा अनेक झऱ्यांना जोडली गेली असावी.

वज्रेश्वरी परिसरात देवीने मारलेल्या राक्षसांचे रक्त म्हणजे हे गरम पाणी, अशी समजूत आहे. वज्रेश्वरीच्या मंदिराला मात्र निश्चित ऐतिहासिक संदर्भ आहे. पहिले बाजीराव पेशवे यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी वसईच्या मोहिमेच्या वेळी देवीला नवस केला होता. १७३९ साली वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकल्यानंतर हे मंदिर बांधले गेले, असे मानले जाते.

नोंदी आणि सर्वेक्षण

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेत या झऱ्यांची तपशीलवार वर्णने आढळतात. रत्नागिरी आणि खानदेश या जिल्ह्यांचे खंड १८८० मध्ये, तर ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने आपले पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी संकलित केलेली भारतातील उष्ण झऱ्यांची यादी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या संस्थेने कोकणातील झऱ्यांचे तापमान, रसायन आणि भूरचना यांचा पद्धतशीर अभ्यास करून काही ठिकाणी अन्वेषणासाठी विंधणविहिरी घेतल्या. संस्थेचा भारताचा भूऔष्णिक नकाशासंग्रह १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात सुमारे ३४० उष्ण झरे असल्याचे सांगितले जाते.

त्वचारोग आणि उपचाराचे दावे

उनकेश्वर, उनपदेव आणि वज्रेश्वरी येथे त्वचारोग बरा व्हावा म्हणून स्नानास येणाऱ्यांची संख्या मोठी असते. कोमट क्षारयुक्त पाण्याने स्नायू सैलावतात, सांध्यांचा ताठरपणा काही वेळ कमी होतो आणि काही त्वचाविकारांत खाज शमते. या तात्पुरत्या आरामाचा अनुभव खरा असतो. परंतु त्यावरून रोग बरा झाला असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

कुष्ठरोगाच्या बाबतीत हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. हा रोग ‘मायकोबॅक्टेरियम लेप्री’ या जीवाणूमुळे होतो आणि कोणत्याही झऱ्याच्या पाण्याने तो जीवाणू नष्ट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने औषधे घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो. ही औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. उपचारास उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी होऊन हातापायांना कायमचे व्यंग येऊ शकते.

या रोगाचे एक प्रमुख लक्षण म्हणजे संवेदना हरवलेला चट्टा. बधिर झालेल्या हातापायांना पाण्याचा चटका कळत नाही. त्यामुळे ज्याला पाण्याने बरे वाटावे अशी अपेक्षा असते, त्यालाच गरम पाण्याने भाजण्याचा धोका सर्वाधिक असतो. दीर्घकालीन मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींनाही हेच लागू होते. अंगावर बधिर चट्टा दिसल्यास प्रथम आरोग्य केंद्रात तपासणी करून घेणे आवश्यक आहे. उपचार सुरू असताना श्रद्धेने तीर्थस्नान करण्यास त्यामुळे बाधा येत नाही. मात्र स्नानासाठी कोमट पाण्याचेच कुंड निवडावे आणि पाण्याची उष्णता सोबतच्या व्यक्तीने पाहावी.

स्नान करताना घ्यावयाची काळजी

स्नानासाठी ३८ ते ४० अंशांचे पाणी सुखकर असते. ४२ अंशांच्या पाण्यात थोडाच वेळ बसता येते. ४९ अंशांच्या पाण्यात सुमारे पाच मिनिटांत, ५५ अंशांना सुमारे अर्ध्या मिनिटात आणि ६० अंशांना अवघ्या पाच-सहा सेकंदांत प्रौढ व्यक्तीची त्वचा गंभीररीत्या भाजू शकते. लहान मुलांची आणि वृद्धांची त्वचा पातळ असल्याने त्यांना याहूनही कमी वेळ पुरतो. म्हणूनच उन्हवरे, तुरळ किंवा उनपदेव येथे पाण्याच्या मूळ उगमाशी न जाता पाणी निवून साठलेल्या हौदातच स्नान केले जाते. एकाच ठिकाणच्या शेजारशेजारच्या कुंडांचे तापमानही वेगळे असू शकते.

उतरण्यापूर्वी हाताने किंवा पायाच्या टोकाने पाणी पाहावे आणि पाण्यात १० ते १५ मिनिटांपेक्षा अधिक वेळ बसू नये. उष्ण पाण्यात रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि रक्तदाब उतरतो. त्यामुळे एकदम उठल्यास भोवळ येऊन निसरड्या पायऱ्यांवर पडण्याची भीती असते. हृदयविकाराच्या रुग्णांनी व गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय अशा कुंडांत उतरू नये. मद्यपान करून किंवा भरपेट जेवणानंतर लगेच स्नान करणे टाळावे. अंगावर उघडी जखम असल्यास सार्वजनिक कुंडात उतरू नये.

कुंडात डोके बुडवून डुबकी मारण्याची पद्धत आहे. कोमट गोड्या पाण्यात ‘नेग्लेरिया फाउलेरी’ नावाचा अमीबा वाढू शकतो. तो नाकावाटे शिरल्यास मेंदूला होणारा संसर्ग अत्यंत दुर्मिळ, परंतु बहुधा प्राणघातक असतो. त्यामुळे नाकात पाणी जाऊ न देणे आणि डोक्यावर तांब्याने दुसरे स्वच्छ पाणी घेणे हितावह आहे. कुंडातील पाणी पिऊ नये. पावसाळ्यात नदीकाठची कुंडे पुरात बुडतात. अशा वेळी, विशेषतः अकलोलीसारख्या ठिकाणी, काठावर जाणे धोक्याचे असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा भेटीसाठी सर्वांत योग्य काळ आहे.

जपानमधील व्यवस्थेशी तुलना

उष्ण झऱ्यांच्या पर्यटनासाठी जपान जगप्रसिद्ध आहे. तेथील बहुसंख्य प्रसिद्ध झरे, ज्यांना जपानी भाषेत ‘ओन्सेन’ म्हणतात, जागृत ज्वालामुखींच्या पट्ट्यात आहेत. त्यांची संख्या आणि तापमान महाराष्ट्रातील झऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे. बेप्पू येथील काही कुंडे इतकी तप्त आहेत की ती केवळ पाहण्यासाठी राखलेली आहेत. कुसात्सू या डोंगरी गावात थंड पाणी न मिसळता लांब लाकडी फळ्यांनी ढवळून पाणी निववण्याची परंपरा आहे. नागानो प्रांतातील जिगोकुदानी येथे हिवाळ्यात माकडे उष्ण पाण्यात बसलेली दिसतात.

भूरचना वेगळी असली, तरी जपानची व्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे. १९४८ च्या ओन्सेनविषयक कायद्यानुसार उगमाशी २५ अंश किंवा अधिक तापमान असलेले, अथवा नेमून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असलेले पाणी ‘ओन्सेन’ ठरते. ओन्सेनसाठी जमिनीत छिद्र घेण्यास प्रांताच्या राज्यपालांची परवानगी लागते. स्नानगृहात पाण्याचे रासायनिक पृथक्करण आणि ते कोणाला वर्ज्य आहे याची सूचना लावणे बंधनकारक आहे. हे पृथक्करण दर दहा वर्षांनी नव्याने करावे लागते. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने बाहेर अंग स्वच्छ धुण्याचा दंडकही काटेकोरपणे पाळला जातो. कुंड हे अंग धुण्याचे ठिकाण मानले जात नाही. महाराष्ट्रातील अनेक कुंडांत याउलट साबण लावून स्नान केले जाते आणि कपडेही धुतले जातात.

भूऔष्णिक ऊर्जा

उष्ण झरे ही भूगर्भातील उष्णतेची पृष्ठभागावरील खूण असल्याने वीजनिर्मितीच्या दृष्टीने त्यांचा विचार होतो. कोकणातील तापमान वाफेवर थेट जनित्र चालवण्यास पुरेसे नाही. कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव गरम पाण्याच्या उष्णतेने तापवून त्याच्या वाफेवर जनित्र चालवण्याची पद्धत येथे शक्य मानली जाते. भारतात या क्षेत्रातील मुख्य प्रयत्न लडाखमधील पुगा खोऱ्यात सुरू आहेत. तेथील प्रकल्पासाठी तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने २०२१ मध्ये करार केला. विजेखेरीज शेतमाल वाळवणे यांसारख्या कामांसाठीही अशी उष्णता वापरता येते.

छत्रपती संभाजीनगरहून प्रवास

छत्रपती संभाजीनगर परिसरातील म्हैसमाळ, गौताळा आणि अजिंठा येथील झरे व धबधबे पावसाळी आणि थंड पाण्याचे आहेत. लोणार सरोवराच्या काठावरील ‘धार’ हा बारमाही झराही गोड्या, थंड पाण्याचा आहे. ते विवर उल्कापाताने निर्माण झाले असून त्याचा भूऔष्णिक क्रियेशी संबंध नाही. शहरातून उष्ण झऱ्यांना भेट देण्यासाठी दोन मार्ग सोयीचे आहेत.

पहिला मार्ग सिल्लोड, अजिंठा आणि जळगाव येथून अडावदमार्गे उनपदेवला जातो. वाटेत अजिंठा लेणी आणि तेथील वाघूर नदीचा धबधबा पाहता येतो. दुसरा मार्ग जालना, परभणी आणि नांदेड येथून किनवटकडे जातो. नांदेडहून आदिलाबादला जाणारा लोहमार्ग किनवटवरूनच जातो. उनकेश्वरच्या भेटीला जोडून माहूर येथील रेणुकादेवीचे मंदिर आणि पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा पाहण्याची प्रथा आहे. कोकणातील ठिकाणांसाठी मात्र किमान दोन-तीन दिवसांचा स्वतंत्र प्रवास आखावा लागतो.

संवर्धन

उष्ण झऱ्याचे अस्तित्व एखाद्या अरुंद भेगेवर अवलंबून असते. ती भेग बांधकामाच्या सिमेंटने बुजली, जवळच्या सुरुंगकामाने सरकली किंवा शेजारच्या खोल विंधणविहिरीने तिचे पाणी अन्यत्र वळवले, तर झरा थंड पडतो, जागा बदलतो किंवा आटतो. उथळ थंड पाण्याची त्यात अधिक भर पडल्यासही तापमान उतरते. एकदा बिघडलेली ही रचना पूर्ववत करण्याचे कोणतेही खात्रीचे तंत्र नाही. भेग उघडी राहिली, तरच पाणी वर येते. म्हणून कुंडांचे सुशोभीकरण करताना उगमाच्या तळाला हात न लावता बांधकाम बाजूला ठेवणे आवश्यक असते.

साबण, निर्माल्य, नाणी आणि टाकून दिलेले कपडे यांमुळे अनेक कुंडांचे पाणी अस्वच्छ होते आणि त्यातील दुर्मिळ सूक्ष्मजीवांचीही हानी होते. उगमाचे कुंड आणि स्नानाचा हौद वेगळे ठेवणे, वाहते पाणी सतत बाहेर पडेल अशी वाट मोकळी राखणे, हौद नियमितपणे रिकामा करून धुणे आणि त्या दिवशीचे तापमान व पाण्याच्या तपासणीचा निष्कर्ष मराठीत फलकावर लावणे हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. तापमान व प्रवाह यांची दरमहा नोंद ग्रामपंचायत किंवा स्थानिक शाळाही ठेवू शकते. अशा सलग नोंदी असतील, तर झऱ्यात होणारा बदल तो आटण्यापूर्वीच लक्षात येऊ शकतो.